काशीची ठेव

कासारमावशी माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, मनगटाकडे बघायची. अंबडच्या पेठेत किंवा वडीगोद्रीच्या बाजारात समोरून एखादी बाई आली, की मावशीची नजर आधी तिच्या हातावर जाई आणि मग ती हाक मारी. पदर नाकापर्यंत ओढलेला असला तरी तिचं अडत नसे. कुणाच्या हातातली पाटली नाहीशी झाली, कुणाचं मनगट वाळलं, कुणाला दिवस गेले, हे तिला त्या त्या घरातल्या माणसांच्या आधी कळायचं. त्यातलं एक अक्षर ती इकडचं तिकडे करत नसे. तरीही आमच्या गल्लीतले पुरुष तिला घरफोडी म्हणत. त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

मी लाजाळू मुलगी होते. जालन्याला मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकत होते. सुटीत घरी आले, की मराठी बोलतानाही अडखळायचे, आणि कुणी पाहुणे आले की माजघराच्या दाराआड उभी राहायचे. दाराआडून पुष्कळ दिसतं. मावशीला मी सगळ्यात जास्त पाहिलं ते तिथूनच.

कासारांच्या घरात बांगड्यांचा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचा असे दोन्ही धंदे चालत. मावशीचा नवरा तरुणपणीच गेलेला. पेठेतलं दुकान दिराच्या ताब्यात होतं आणि दुकानामागची एक अंधारी खोली मावशीकडे. दीर गादीवर बसून विकायचा. मावशी डोक्यावर करंडी घेऊन उन्हातान्हात गावं हिंडायची. वर्षभर सगळ्या बायकांना तिचेच हात हवे असत, कारण कितीही लहान बांगडी ती न फोडता चढवायची. पण लग्नाचा चुडा भरायची वेळ आली की विधवेचे हात नकोत म्हणून दिराला बोलावणं जाई. माझ्या अक्काच्या लग्नात असंच झालं. दिरानं तीन बांगड्या फोडल्या, अक्काच्या हातातून रक्त आलं, आणि सगळे म्हणाले की चालायचंच. मावशी त्या वेळी आमच्या मागच्या अंगणात बसून पाहुण्यांच्या लेकींना बांगड्या भरत होती. अक्का रडत मागे आली तेव्हा तिनं हळद लावून हात बांधला आणि एवढंच म्हणाली, "घाई केली त्यानं. हात आधी ऐकून घ्यावा लागतो."

बांगड्या भरताना ती बाईचा हात आपल्या मांडीवर घेई, पंजा दाबून दाबून मऊ करी आणि सावकाश बोलायला लागे. बांगड्या भरायच्या जागी पुरुष थांबत नाहीत. घरात तेवढीच एक जागा अशी होती, की जिथं बाई अर्धा तास बसली तरी तिला कुणी उठवत नसे. त्या अर्ध्या तासात मावशी काय शिकवायची ते मी ऐकलं आहे. ती शिकवायची, की पुढची दहा वर्षं आजच डोळ्यांपुढे आणावीत. "पोरगी आत्ता केवढी हाय? पाच वर्षांची? मंग दहा वर्षांनी केवढी होईल, ते तुला आत्ता सांगता येतंय ना? त्याच्यात देवाला काय विचारायचं?" हेच तिचं घर फोडणं.

सगळ्यात जास्त ती चिडायची ती धोंड्याच्या महिन्यावर. आमच्याकडे अधिक महिना आला की लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे चांदीच्या ताटात घालून द्यायचे, आणि वर जावयाचा मान म्हणून काहीतरी मोठं. हा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. प्रत्येकाच्या घरी पंचांग खुंटीला टांगलेलं असतं. तरी दर वेळी तो महिना आला की गावातली शहाणी, वजनदार माणसं अचानक घरावर दरोडा पडल्यासारखी धावायला लागत आणि बायकांच्या अंगावरचे दागिने उतरवत. "छापलेलं हाय ना त्याच्यात?" मावशी पंचांगाकडे बोट दाखवून म्हणे. "मंग मधली तीन वर्षं काय करून राह्यले हे?"

आमचं घर त्यात पहिलं. माझे वडील, नाना, अंबडच्या मुन्सिफ कोर्टात वकील होते. उर्दू अस्खलित, चारित्र्य स्वच्छ, आणि गावात लौकिक असा की वकीलसाहेब फार दिलदार माणूस. तो लौकिक खोटा नव्हता. प्रश्न इतकाच, की ती दिलदारी कुणाच्या जिवावर चालली होती. अक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्यात आईची पुतळ्यांची माळ गेली. जावईबापूंना चांदीचं ताट आणि अंगठी मिळाली. दुसऱ्या धोंड्यात आईच्या पाटल्या गेल्या. त्यांना सायकल मिळाली. दोन्ही वेळा नानांनी आईला विचारलं नाही. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "ते जरा काढून दे," जसं कुणी खुंटीवरची टोपी मागावी. आईनं काढून दिलं. शाळेत आमच्या इंग्रजी पुस्तकात दूरदृष्टीवर एक धडा होता. त्यात टोपीवाले पाच गृहस्थ होते आणि बाई एकही नव्हती. मला तो धडा पाठ होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मावशीनं आईला जी गोष्ट सांगितली ती मात्र कुठल्या पुस्तकात नव्हती. ती म्हणाली, "सोनं घेऊ नकोस. सोनं पुरुषाच्या डोळ्यात भरतं. मागायला त्याला काही वाटत न्हाई. तांबं घे. फळीवरची घागर माग म्हणावं त्याला, जीभ वळणार न्हाई." दर भाऊबीजेला मामांनी घातलेली ओवाळणी आई मावशीकडे देई आणि मावशी जालन्याच्या तांबटाकडून वर्षाला एक भांडं आणून देई. एकच, पण जड. भांडं हातात झुलवून ती वजन सांगायची आणि तागडीत ते पावशेराच्याही फरकानं चुकत नसे. नक्षीचं भांडं तिनं कधी आणलं नाही. एकदा आईला वेलबुट्टीची घागर आवडली होती. मावशी म्हणाली, "मोडीत घालायला गेलीस की वेल गळून पडतो. राहतं ते वजन." आई तेव्हा हसली होती.

त्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं असायचं. लग्नात आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं, नाहीतर घरच्या कर्त्याचं नाव घालायची सगळीकडे रीत आहे. मावशी मात्र बायकांना सांगायची, की स्वतःचं नाव घाला; आणि तेही सासरचं नव्हे, माहेरचं. आमच्या कोठीच्या फळीवर सहा-सात वर्षांत हंडा, घागरी, परात, घंगाळ, तपेली अशी जी ओळ लागली, तिच्या प्रत्येक भांड्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं: 'काशी, कुंभार पिंपळगाव.'

काशी म्हणजे माझी आई. दहाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा तांदळात सरस्वती असं नाव लिहून ते तिला दिलं गेलं आणि काशी हे नाव पिंपळगावात राहिलं. तिचे आई-वडील लवकर गेले. मामा धाकटे, ते तिला आक्का म्हणत. अंबडात तिला काशी म्हणणारं एकच माणूस होतं, आणि तेही फक्त हात मांडीवर असताना, खालच्या आवाजात. मावशी पिंपळगावच्या बाजाराला जायची, तिनं आईच्या हातात पाच वर्षांची असल्यापासून बांगड्या भरल्या होत्या. नानांनी लग्नाच्या बोलणीत ते नाव ऐकलंच असेल. लक्षात ठेवण्यासारखं त्यांना वाटलं नसावं. त्यांना पंधरा वर्षांपूर्वीच्या दाव्यातल्या साक्षीदारांची नावं आजही बापासकट पाठ आहेत.

मावशीला वाचता येत नव्हतं. नवं भांडं आलं की ती मला दाराआडून बाहेर बोलवायची आणि म्हणायची, "वाच गं इंग्रजीवाली, तांबटानं बराबर घातलं का बघ." मी वाचून दाखवी. एकदा आईनं मला काही निरोप घेऊन तिच्या खोलीवर पाठवलं, तेव्हा तिनं तिची स्वतःची भांडी मला वाचायला लावली. एक मोठा हंडा होता, दोन घागरी आणि एक घंगाळ, सगळं तिच्या पायपिटीच्या कमाईचं. चारही भांड्यांवर एकच नाव होतं, 'गणपत.' मी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं.

मी विचारलं, "तू सगळ्यांना आपलं नाव घालायला सांगतेस. मग हे?"

"माझं नाव मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "त्यांचं तोंडातून कधी काढता आलं न्हाई. ते होते तवाबी न्हाई, आताबी न्हाई. निदान घरात लिहिलेलं तरी असावं."

मला तेव्हा ते फार सुंदर वाटलं होतं. आज मला त्या सुंदर वाटण्याचाही राग येतो.

तिसरा धोंडा आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. जालन्याची शाळा संपली होती आणि पुढची दोन वर्षं हैदराबादच्या बोर्डिंगात काढली तरच मॅट्रिक होणार होतं. आईचं तांबं त्यासाठीच होतं. ते सहा-सात वर्षांपूर्वीच ठरलेलं होतं, आणि ते ठरवणाऱ्या दोघी होत्या. पण नानांनी अधिक ज्येष्ठ सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं, की आता पुरे. मुलीला इंग्रजी पत्र वाचता येतं, पाहुण्यांसमोर दोन कविता म्हणता येतात, याहून अधिक काय करायचं? एक स्थळही त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. आणि यंदा खर्च फार. जावईबापूंना फोनो हवा होता, तबकड्या लावून गाणी ऐकायचा. लढाई सुरू असल्यामुळे तो मिळत नव्हता आणि मिळेल तिथं किंमत दुप्पट. नानांना जावयाचं मन मोडायचं नव्हतं. माझं मन मोडतंय हे त्यांना दिसलं नाही, कारण ते मी दाखवलं नव्हतं. पण त्यांनी बघितलं असतं तर दिसलं असतं.

आईच्या अंगावर आता मंगळसूत्राखेरीज काही उरलं नव्हतं. मग एका दुपारी नाना वर्तमानपत्र हातात घेऊन कोठीच्या दाराशी उभे राहिले. लढाईमुळे तांब्याचे भाव चढल्याचं त्यात आलं होतं. मावशीचा अंदाज पुरुषांच्या लाजेबद्दल होता, लढाईबद्दल नव्हता. फळीवरची ती लालसर ओळ नानांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितली असेल.

मावशी तेव्हा माजघरातच होती. आईचा हात तिच्या मांडीवर होता. मी दाराआड होते आणि माझं सगळं पुढचं आयुष्य त्या फळीवर ओळीनं मांडलेलं होतं.

नानांनी एक घागर खाली घेतली, काठाखालचं नाव वाचलं आणि तिथूनच विचारलं, "ही काशी कोण?"

मावशीनं बांगडीवरची नजर उचलली नाही.

"हाय एक, वकीलसाहेब. पिंपळगावची लेक, अंबडात दिलेली."

"मग तिची भांडी आपल्याकडे कशी?"

"ठेव हाय. तिचा नवरा हातानं लई सढळ. घरात दिसंल ते उचलून देऊन टाकतो. म्हणून इथं ठिवलीत, तुमच्या घराच्या भरवशावर."

नानांच्या कपाळावर आठी पडली. कोर्टात पडायची तशी. "मारतो का तिला?"

"न्हाई, न्हाई. लई भला माणूस. बोट लावत न्हाई. निस्तं विचारत न्हाई."

"असल्या माणसाला कोर्टात उभा केला पाहिजे," नाना म्हणाले. "स्त्रीधन आहे हे. बायकोच्या स्त्रीधनावर नवऱ्याचा बिलकुल हक्क नाही. तिला म्हणावं, माझ्याकडे ये. मी फी घेणार नाही."

"सांगते तिला," मावशी म्हणाली.

आईच्या हातावर चढत असलेली बांगडी तेवढी तडकली. मावशीनं काच वेचली आणि दुसरी घेतली. नानांनी घागर धोतराच्या सोग्यानं पुसली, जिथून घेतली होती तिथं परत ठेवली आणि जाता जाता आईला बजावलं, की या भांड्यांना घरातल्या कुणी हात लावायचा नाही, पाणीसुद्धा भरायचं नाही. "अमानत आहे ती. अमानतीत खयानत, ठेवीत अफरातफर, करणाऱ्यातला मी नव्हे."

आणि ते खरं होतं, हेच मला सहन होत नाही. नाना लबाड असते तर मी त्यांना लबाड म्हणून मोकळी झाले असते. पण परक्या बाईच्या घागरीला त्यांनी जीव गेला तरी हात लावला नसता. परक्या बाईचं दुःख त्यांना एका वाक्यात कळलं, कायदा तोंडपाठ होता, फी माफ करायचीही तयारी होती. ती बाई चार हातांवर बसली होती. तिच्या पाटल्या विकून घेतलेली सायकल जावयाच्या दारात उभी होती. एखादी बाई आपली बायको नसेल तरच तिचा विचार करायचा, ही कुठली नीती? मी दाराआड उभी होते. हसूही येत होतं, त्याचीही चीड आली.

पुढचं सोपं झालं. आठवड्याभरात मावशीनं निरोप आणला, की काशीला अर्धी भांडी हवीत. नानांनी ती स्वतः मोजून तिच्या हवाली केली. मावशी ती जालन्याला घेऊन गेली, चढ्या भावात विकली आणि पैसे मामांच्या हाती दिले. मामांनी नानांना कळवलं, की भाचीच्या शिक्षणाचं मी बघतो. नानांना भरून आलं. ते चार लोकांत सांगत, की मेहुणा असावा तर असा. फोनो त्यांनी आपल्या एका पक्षकाराकडून उसनवारीनं आणला, तो वर्षभर जावईबापूंकडे वाजला आणि मग त्याच्या चावीची कमान तुटली. मी हैदराबादला गेले.

पहिलं वर्ष संपवून सुटीत आले तेव्हा मावशीचं बिनसलं होतं. दिराला दुकान वाढवायचं होतं, म्हणून मागची खोली हवी होती. त्यानं मावशीला जायला सांगितलं आणि तिची चारही भांडी ठेवून घेतली. भांड्यांवर त्याच्या थोरल्या भावाचं नाव होतं. भावाचं ते घरचं, आणि घरचा कर्ता आता तो. तीस-पस्तीस वर्षं डोक्यावर करंडी वाहून घेतलेलं तांबं त्यानं दोन वाक्यांत आपलं केलं. ज्या बाईनं अंबड तालुक्यातल्या कितीतरी बायकांना आपलं नाव कोरायला शिकवलं, तिच्या स्वतःच्या नावाची एक पळीसुद्धा नव्हती.

ती नानांकडे आली. ओट्यावर, पायरीच्या कडेला बसली. मी पहिल्यांदाच तिला हातात काही काम नसताना पाहिलं. नानांनी सगळं ऐकून घेतलं, सभ्यपणानं. मग म्हणाले, "बाई, भांडं काय सांगतं ते कोर्ट बघतं. तुझी कमाई होती याला साक्ष कोण? नाव तर गणपतचं आहे. दावा उभा राहणार नाही."

"बराबर हाय," ती म्हणाली. तिनं वाद घातला नाही. तिला नाव पुसून आपलं घालता आलं असतं, वर्षानुवर्षं वेळ होता. पण ते नाव तिच्यानं पुसवलं नसतं. एवढ्यासाठी एखाद्या माणसाला मूर्ख म्हणायचं असेल तर म्हणावं.

तिची बहीण वडीगोद्रीला होती, ती तिकडे जाणार होती. जायच्या आधी तिनं विचारलं, की काशीची राहिलेली ठेव न्यायची का. काशीनं मागितली आहे. माझी शेवटच्या वर्षाची फी तेवढ्यातच होती. मावशी अंबड सोडून गेल्यावर ती भांडी या घरातून कोण हलवणार होतं? नानांनी ती पुन्हा स्वतः मोजून गाडीत चढवली, मध्ये कडबा घातला, चेपू नयेत म्हणून. एका कागदावर पावती लिहिली, तिच्या नावाच्या जागी नुसतं 'कासारीण' घातलं आणि मावशीचा अंगठा घेतला. गाडीच्या मागच्या अंगाला तिचं गाठोडं होतं, एका हातात मावेल एवढं. आई दारात उभी होती. मावशीनं तिच्याकडे नाही, तिच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "बांगड्या कमी झाल्यात. कुणाकडून तरी भरून घे." गाडी वळली.

नाना ओट्यावरून आत आले आणि पगडी खुंटीला लावता लावता म्हणाले, "या बायकांना पुढचा विचार म्हणून नसतो."

मी तिथं होते. आई तिथं होती. आईनं पान वाढायला घेतलं.

जूनमध्ये वडीगोद्रीहून पैसे आले, मामांच्या नावानं, पूर्ण. मी मॅट्रिक झाले. नाना पेढे घेऊन कोर्टात गेले आणि मुलीला शिकवलं म्हणून त्यांनी सगळ्यांचं अभिनंदन घेतलं. दिलदार माणूस. मावशीला भेटायला मी एकदाच गेले. ती बहिणीच्या घराच्या पडवीत राहत होती, पुढे गोणपाटाचा आडोसा होता. तिनं माझा उजवा हात मांडीवर घेतला, मधल्या बोटाला लेखणीनं पडलेला घट्टा चाचपून बघितला आणि खूश झाली. बांगड्या भरल्या, पैसे घेतले नाहीत. मी म्हणाले, की तुला काय लागतं ते सांग. ती म्हणाली, जल्दी काय हाय, आधी तुझ्या पायावर उभी राह्य. दोन वर्षांनी मी जालन्याला मुलींना शिकवायला लागले. पहिल्या पगारातून तिला द्यायचं मनात होतं. पहिल्या पगारातून दिलं नाही. दुसऱ्यातूनही नाही. मलाही पंचांग वाचता येत होतं.

पुढच्या दिवाळीत मी घरी होते. सकाळी एक म्हातारी ओट्याशी येऊन उभी राहिली. तिच्या काखेत फडक्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. नाना आरामखुर्चीत होते, आई आत. म्हातारी म्हणाली, "रखमी गेली. सांगायला आले."

कोण रखमी ते नानांना कळलं नाही. त्यांनी आईकडे बघितलं. आई दारात आली होती, तिलाही कळलं नव्हतं. मी दाराआडून डोकावत होते, मला तर नाहीच. म्हातारी आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुमच्या बांगड्या भरायची की ती," ती म्हणाली. "माझी बहीण."

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणी तिचं नाव विचारलं नव्हतं. ती सगळ्या गावाची माहेरची नावं जिवंत ठेवत होती, आणि आम्हाला ती मावशी म्हणूनच पुरली होती. आईनं दाराच्या चौकटीला हात टेकला.

म्हातारीनं फडकं सोडलं. आत तांब्याची घागर होती. "ही एक उरली होती. दोन साल पाऊस न्हाई, दाणे न्हाईत, मी म्हटलं इक. म्हणाली, परक्याची हाय. पाणीबी भरू दिलं न्हाई त्याच्यात. मरताना म्हणाली, अंबडला वकिलाच्या घरी जा आन् काशीच्या हातात दे. दुसऱ्या कुणाला देऊ नको."

"काशी इथं राहत नाही," नाना म्हणाले. "तिची ठेव होती आमच्याकडे, ती परत दिली. पावती आहे."

आई उंबरा ओलांडून पुढे आली. पदर डोक्यावर होता, पण तोंडावर ओढलेला नव्हता. तिनं दोन्ही हात पुढे केले.

"दे," ती म्हणाली. "मीच काशी."

म्हातारीनं घागर दिली. नाना खुर्चीतून अर्धे उठले. ते आईकडे बघत होते, मग घागरीवरच्या अक्षरांकडे, मग पुन्हा आईकडे. मला वाटलं, आता ते तिला तिच्या नावाबद्दल काहीतरी विचारतील.

"म्हणजे," ते म्हणाले, "ती भांडी आपलीच होती?"

मी दाराआडून बाहेर आले होते, ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"नाही नाना," मी म्हणाले. "आपली नव्हती. आईची होती."

नानांपुढे पूर्ण केलेलं माझं हे पहिलं वाक्य. ते खाली बसले. आईनं म्हातारीला आत बोलावलं आणि जेवायला पान मांडलं.